उजवीकडून

बाहेर सत्तेचाळीस. इनक्यूबेटरमध्ये अठरा.
गारव्यात वाढलेल्या अळ्या लठ्ठ होतात,
त्यांच्या लाळग्रंथी सुईला पटकन सापडतात.
तुझ्यापेक्षा त्यांचं वीजबिल जास्त,
असं डॉक्टर बद्रिया म्हणते, आणि सही करते.

काकवी मिळत नाही, म्हणून खजुराचा पाक.
मक्याचं पीठ, यीस्ट, अगर.
ढवळायला उशीर झाला की
खीर बुडाला लागल्याचा वास मजलाभर.

माशा निझव्याच्या बाजारातल्या.
रमजान परकार, गाव दाभोळ,
एकवीस वर्षं फळांच्या खोक्यांवर.
नघाल संपून खलास खजूर उतरला की त्याचा फोन:
बाय, तुझी पाखरं आली.
बाटलीत सडकं केळं, तोंडाला कापसाचा बोळा,
दहा मिनिटांत साठेक जीव, लाल डोळ्यांचे.
यातल्या इथल्या किती,
हापूसच्या पेटीतून आलेल्या किती,
हे त्यांना विचारायची सोय नाही.
विचारायचं ते गुणसूत्रांना.

दोन सुया.
एक तोंडाजवळच्या काळ्या आकड्यावर, एक अंगावर.
ओढायचं.
काचेसारख्या दोन पिशव्या बाहेर येतात.
ओरसीनचा थेंब, वर पातळ काच, टिपकागद,
आणि मग अंगठा.
अंगठा कुणाला शिकवता येत नाही.
कमी दाबला तर गुंता, जास्त दाबला तर चिंध्या.
पहिले तीन महिने मी चिंध्याच केल्या.

आज नीट पसरले: पाच हात, एक ठिपका.
इरकलीच्या काठासारखे पट्टे,
जाड, बारीक, मध्येच दुहेरी.
आणि तिसऱ्याच्या उजव्या हातावर
एक वेढा.

आईकडून आलेला हात सरळ.
बापाकडून आलेला कधीतरी, कुठल्यातरी पूर्वजात,
दोन जागी तुटलेला,
मधला तुकडा फिरून पुन्हा सांधलेला.
गेलं काहीच नाही. फक्त तेवढं उजवीकडून वाचायचं.
आता पट्ट्याला पट्टा भिडवायचा
तर दोघांनाही वळावं लागतं,
म्हणून हा वेढा.
वेढ्याच्या आतली जनुकं सहसा फुटत नाहीत,
एका खोलीत राहणाऱ्या सात दाभोळकरांसारखी
पिढ्यान् पिढ्या एकत्रच निघतात, एकत्रच पोचतात.
उन्हात ती जास्त टिकतात का,
हा आमचा प्रश्न. उत्तर अजून नाही.

केतकीची वही आठवली.
एका बाजूने मराठी शुद्धलेखन,
दुसऱ्या बाजूने अरबी.
दोन्ही आपापल्या पहिल्या पानापासून.
मधे चार पानं कोरी होती परवापर्यंत,
आता एकच आहे.
त्यावर कुठून लिहू, तिने विचारलं.
मी म्हटलं, चित्र काढ.

दुसऱ्या एका जातीच्या माशीत
नराकडून फक्त नराकडे जाणारं एक नवं गुणसूत्र आहे.
त्याची कुणाशी देवघेव होत नाही.
चुका साचत जातात, धुणारं कुणी नाही,
एकेक जनुक गप्प होतं.
हे मी परकारला सांगितलं नाही.
त्यानेच मागच्या आठवड्यात विचारलं होतं,
केळी बाटलीत भरता भरता,
बाय, फणसाच्या बीला काय म्हणतो आपण?
मी सांगेपर्यंत ओठ हलवत राहिला,
ग, गर, गोठ...
आठळी, मी म्हटलं.
तो हसला नाही. बोळा घट्ट बसवला.

संध्याकाळी काचेच्या कडांना नखांचा रंग फासला,
नाहीतर रात्रीत वाळून जातं सगळं.
चिठ्ठी: निझवा, बाटली चौदा, मादी अळी, तिसरा उजवा.

फोन वाजला.
आठळी, पलीकडून आवाज आला. सलाम नाही, काही नाही.
हो, मी म्हटलं.
मग तो
आज किती खोकी सडली
ते मोजून सांगू लागला.